लिलावातली कबड्डी आणि मातीची उचल

२०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात, ९ आणि १० तारखेस, मुंबईत प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामासाठी खेळाडूंचा लिलाव झाला. पवन सेहरावत या चढाईपटूसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले, तर पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलुई या इराणी खेळाडूला २ कोटी ३५ लाखांना आपल्याकडे घेतले. त्याच सुमारास, दसरा अवघा पंधरवड्यावर आलेला असताना, बीड जिल्ह्यातील गावोगावी दुसराच एक व्यवहार चालू होता. मुकादम ऊसतोडीच्या टोळ्या बांधत होते. एका कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या एका जोडीला, किती उचल द्यायची यावर पारावर आणि ओसरीवर घासाघीस चालली होती. मुंबईच्या सभागृहातील आकडे घरोघरच्या दूरदर्शन संचांवर आणि हातातल्या फोनवर दिसत होते. पारावरचे आकडे मात्र नेहमीप्रमाणे मुकादमाच्या वहीतच राहिले.

या दोन व्यवहारांची तुलना प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. एकीकडे कीर्ती आहे, दुसरीकडे कर्ज आहे. लिलावात विकला गेलेला खेळाडू आनंदाने पेढे वाटतो, उचल घेतलेला मजूर मुलाबाळांसह बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये बसतो. त्यामुळे ही दोन्ही माणसे एकाच वेठीला धरली गेली आहेत, असे म्हणण्याचा आततायीपणा येथे करावयाचा नाही. परंतु मनुष्याच्या अंगबळाची आगाऊ किंमत ठरविणारा बाजार म्हणजे काय, हे ज्या थोड्या प्रदेशांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे त्यांत बीडचा क्रमांक वरचा लागतो. म्हणून कबड्डीत आलेल्या पैशाचा विचार बीडच्या बाजूने केला तर मुंबईच्या सभागृहातून न दिसणारी एक गोष्ट स्पष्ट दिसू लागते. या बाजारात खेळाडूला किंमत मिळते, संघमालकाला संघ मिळतो आणि वाहिनीला प्रेक्षक मिळतो. ज्या मातीने तो खेळाडू घडविला तिच्या नावावर मात्र काहीही जमा होत नाही.

पैसा आला म्हणून नाक मुरडणाऱ्यांपैकी प्रस्तुत लेखक नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ज्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे मांडली त्यांत कबड्डी होती. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत तिला पदकाचे स्थान मिळाले आणि भारताने सुवर्णपदक पटकावले. एवढे सारे होऊनही या खेळाचा पाईक कफल्लकच राहिला. ढाल, चषक, फार तर एखादे भांडे आणि गुडघ्याचे कायमचे दुखणे ही त्याची कमाई असे. ज्याचे नशीब थोर त्याला रेल्वेत, पोलिसांत, बँकेत, एअर इंडियात, महिंद्रात किंवा भारत पेट्रोलियममध्ये नोकरी लागे. त्या काळी खेळाडूचे स्थलांतर होत नव्हते असे नाही. परंतु ते नोकरीच्या दारातून होई. चांगल्या चढाईपटूला एका संस्थेने कारकून म्हणून घेतले की दुसरी संस्था त्याला वरची जागा देऊ करी. पगार तुटपुंजा असला तरी खेळ संपल्यावर चूल पेटती राही. या व्यवस्थेवर रागावण्याचे कारण नाही, परंतु तिला सुवर्णयुग म्हणण्याचेही कारण नाही. शेकडो गुणी खेळाडूंना तिच्या दारात उभे राहण्याचीही संधी मिळाली नाही.

२०१४ साली आठ संघांनिशी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हे चित्र पालटले. त्या वर्षीच्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली, ती १२ लाख ८० हजारांची होती. चारच वर्षांनी, २०१८ मध्ये, मोनू गोयतसाठी हरियाणा स्टीलर्सने १ कोटी ५१ लाख मोजले. चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई त्याच वर्षी ३६ लाख ४० हजारांना यू मुंबाकडे आला, एका हंगामात दोनशेहून अधिक गुण मिळवून गेला आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. कोल्हापूरच्या डोंगराळ कोपऱ्यातील एका खेड्यातल्या तरुणाची किंमत एका वर्षात चौपट व्हावी, यात वाईट ते काय? काहीच नाही. पुढे खांद्याच्या दुखापतीने त्याचा एक हंगाम जवळजवळ वाया गेला, हे लक्षात घेतले तर ज्याचे भांडवल म्हणजे केवळ स्वतःचे शरीर आहे त्याने ते धडधाकट असेतो योग्य किंमत घ्यावी, हेच शहाणपणाचे ठरते.

तेव्हा खेळाडूला पैसा मिळावा की न मिळावा हा प्रश्न आता उरलेला नाही. तो कोणत्या अटींवर मिळतो आणि त्याचा ओघ कोठे थांबतो, हे खरे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे शोधताना फुटबॉलकडे पाहणे उपयोगाचे आहे, कारण या वाटेवर तो खेळ आपल्यापुढे शंभर वर्षे आहे. १९०५ मध्ये मिडल्सब्रो क्लबने संडरलंडकडून आल्फ कॉमन या खेळाडूला १,००० पौंडांना घेतले तेव्हा इंग्लंडात केवढा गहजब झाला होता. २०१७ मध्ये पॅरिसच्या क्लबने नेमारसाठी बार्सिलोनाला २२ कोटी २० लाख युरो दिले. या दोन आकड्यांच्या मध्ये खेळाडूंचा दीर्घ लढा आहे. इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूला आठवड्याला २० पौंडांहून अधिक पगार देता येत नसे. संपाचा इशारा द्यावा लागला तेव्हा १९६१ मध्ये ती मर्यादा उठली. करार संपला तरी क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शके. या प्रथेवर जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात १९६३ साली न्यायालयाने ताशेरे ओढले. आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने जाँ-मार्क बॉसमन या बेल्जियन खेळाडूच्या प्रकरणात निर्णय दिला की, करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातील दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जाताना जुन्या क्लबला पैसे मोजावे लागू नयेत. खेळाडू ही क्लबची मालमत्ता नव्हे, हे तत्त्व अशा रीतीने प्रस्थापित झाले.

आपल्या लिलावपद्धतीत हे तत्त्व अजून अर्धेच उतरले आहे. फुटबॉलपटू कोणत्या क्लबशी करार करावयाचा हे स्वतः ठरवितो. नको असेल तर नकार देतो. लिलावात नाव नोंदविलेल्या कबड्डीपटूला आपल्यावर कोण बोली लावणार हे ठरविता येत नाही. हातोडा पडला की तो त्या संघाचा झाला. पुण्याच्या संघात रुळलेल्या खेळाडूला पुढच्या वर्षी पाटण्याला जावे लागेल की बंगळूरला, हे त्याच्या हाती नसते. जुन्या संघाला बोलीइतकीच रक्कम देऊन त्याला परत घेण्याची सवलत काही मर्यादेत आहे, परंतु ती सवलत संघाची आहे, खेळाडूची नाही. संघाच्या एकूण खर्चावर मर्यादा असते; २०२३ मध्ये ती ५ कोटींची झाली. त्यामुळे एका ताऱ्यावर अडीच कोटी उधळले गेले की उरलेल्या रकमेत बाकीच्यांना भागवावे लागते. वृत्तपत्रांत पहिल्याचे छायाचित्र येते. बाकीच्यांची बेरीज कोणी मांडत नाही.

पैशाबरोबर खेळही बदलतो. हे केवळ आपल्याच वाट्याला आले आहे असे नव्हे. फुटबॉलमध्ये १९९२ साली एक लहानसा नियम आला: सहकाऱ्याने पायाने परत दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यावयाचा नाही. आघाडी घेतलेला संघ चेंडू मागे देऊन वेळ काढतो आणि प्रेक्षक कंटाळतो, ही तक्रार त्यामागे होती. त्या एका नियमाने गोलरक्षकाला पायांनी खेळणे शिकावे लागले आणि बचावपटूला घाईत अचूक पास देणे शिकावे लागले. कबड्डीतही अगदी हेच घडले. पूर्वी चढाईचे मोजमाप दम हेच होते. छातीत श्वास असेतो ‘कबड्डी कबड्डी’चा घोष चालायचा आणि तो तुटला की चढाई संपायची. आमच्या मराठवाड्यात जुनी माणसे अजूनही हुतुतू म्हणतात. त्या नावात दमच भरलेला आहे. आता चढाईला ३० सेकंद आहेत. घोष आजही करावा लागतो, पंचाचा कान त्याकडे असतो. परंतु प्रेक्षकाचे डोळे घड्याळाकडे असतात. चढाईवर श्वासाची सत्ता होती, ती घड्याळाच्या हाती गेली आहे.

त्याच्या जोडीला तिसऱ्या चढाईचा नियम आला. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावा लागतो, नाही तर चढाईपटू बाद होतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना त्यांनी पकड केली तर त्यांना एक गुण अधिक मिळतो. हे नियम ज्यांनी केले त्यांना खेळ समजत नव्हता, असे म्हणता येणार नाही. दोन-चार गुणांची आघाडी मिळताच निदान रेषेला पाय लावून परत येणारे आणि उरलेला वेळ असाच कापून काढणारे संघ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा बदल सुखावहच वाटेल. मोडकळीस आलेल्या संघालाही आता परतण्याची आशा राहते. मातीची जागा मॅटने घेतली, तेव्हा पायांत बूट आले, वेग वाढला आणि घसरून केलेल्या पकडी मागे पडल्या. इराणी खेळाडू आले ते कुस्तीच्या परंपरेतले घट्ट पंजे घेऊन. कोपऱ्यातल्या एकट्या बचावपटूने घोट्याला विळखा घालून चढाईपटूला जागीच खिळवावे, ही कला त्यांच्यामुळे बहरली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य सामन्यात भारताच्या पुरुषांना हरविले तेव्हा, आपल्या अंगणातला खेळ आपल्याच अंगणात राहिलेला नाही, हेही कळून चुकले.

तथापि एका गोष्टीची खंत नोंदविली पाहिजे. बाजार जे मोजता येते तेच विकत घेतो. चढाईचे गुण मोजता येतात. पकडीचा गुण प्रायः ज्याने प्रथम पकड घातली त्याच्या नावावर लागतो. परंतु कबड्डीतील पकड ही पुष्कळदा एकट्याची नसते. साखळीतला शेजारी हात सोडत नाही, मध्यरक्षक योग्य क्षणी पुढे येऊन चढाईपटूची वाट अडवितो, विरुद्ध कोपऱ्यातला गडी त्याला हुलकावणी देऊन आत ओढतो, तेव्हा कोठे तो सापडतो. या साऱ्यांचे काम पुढच्या लिलावाच्या तक्त्यात फारसे उमटत नाही. साहजिकच कोवळा खेळाडूही ज्याला भाव आहे तेच शिकू पाहतो. आज कोणत्याही गावातल्या मुलांना विचारा, दहांतल्या आठांना चढाईपटू व्हावयाचे असते. साखळीत उभे राहण्याची इच्छा कोणालाच नसेल तर उद्या ही साखळी कोठून आणावयाची? सात जणांचा खेळ एका नावाच्या पाटीखाली विकला जाऊ लागला की त्याची शैलीही हळूहळू एकट्याची होत जाते.

संघ आणि गाव यांचा संबंधही असाच विरळ होत आहे. नावे आपलीच आहेत. पुणेरी पलटण, यू मुंबा ही नावे ऐकली की मराठी माणसाचा ऊर भरून येतो, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रथमच विजेतेपद मिळविले तेव्हा तो खराच भरून आला. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार आमच्या शेजारच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातला आहे, याचाही अभिमान वाटला. परंतु २०२५ च्या हंगामाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चार ठिकाणीच झाले. म्हणजे पुण्याच्या आणि मुंबईच्या नावाने खेळणाऱ्या संघांनी महाराष्ट्राच्या भूमीवर लीगचा एकही सामना खेळला नाही. चारच शहरांत सामने भरविणे आयोजकांना सोयीचे आणि स्वस्त पडते, हे मान्य. पण मग संघाच्या नावातले पुणे आणि मुंबई हे गाव न राहता केवळ छाप उरते. खाली गाव नाही आणि वर पैसा आहे अशा खेळाचे काय होते, हे गोव्यात पाहावे. खाणमालकांच्या आश्रयाने तेथील फुटबॉल वाढला. नवी लीग आली आणि जुन्या क्लबांना तिच्यात स्थान उरले नाही, तेव्हा २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग यांसारख्या क्लबांनी राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. पुढे त्या नव्या लीगचाही करार संपत आला आणि २०२५ मध्ये तिचा हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही. वरचा मांडव कधीही उतरू शकतो. खाली पेरणी झालेली असेल तर खेळ टिकतो.

ही पेरणी कोण करतो? बीड जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर तिचा इतिहास अभिमानाचा आहे आणि क्लेशाचाही. पाटोद्याचा राहुल आवारे वडिलांच्या कुस्तीच्या वेडापायी लाल मातीत उतरला, पुण्यात हरिश्चंद्र बिराजदारांच्या आणि पुढे काका पवारांच्या हाताखाली घडला आणि २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा मुलगा, बारावीनंतर सैन्यात गेला, तेथे धावू लागला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचे रौप्य आणि २०२३ मध्ये आशियाई सुवर्ण जिंकून आला. बीडचा सचिन धस २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा करून गेला. ही नावे सांगताना आपण विसरतो की, यांपैकी पहिल्याला पुण्याच्या तालमीने आणि दुसऱ्याला सैन्याने हात दिला. जिल्ह्याने त्यांना जन्म दिला, काटकपणा दिला, परंतु मैदान देण्याची ऐपत दाखविली नाही.

कबड्डीचे दुखणे तर ऋतुचक्राशीच बांधलेले आहे. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. तालुक्याला जिंकलेला संघ जिल्ह्याला जातो, जिल्ह्याला जिंकलेला विभागाला. तोवर दसरा उलटतो, टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, आणि वाढ्यांची मोळी बांधण्यास, धाकट्या भावंडांना सांभाळण्यास हात हवे म्हणून संघातला कोपरारक्षक आईबापांबरोबर निघून जातो. मुलींच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. मार्च-एप्रिलमध्ये तो परत येतो तेव्हा परीक्षा आलेली असते आणि मैदानावर धुरळा उडत असतो. अशा स्थितीत एखादा शिक्षक सकाळी शाळा भरण्यापूर्वी मुलांना धावावयास लावतो, स्वतःच्या खिशातून चुन्याच्या रेषा आखतो, एखादे तरुण मंडळ वर्गणी काढून निमंत्रितांची स्पर्धा भरविते. त्यातून एखादा मुलगा नजरेत भरला तर तो पुण्या-मुंबईच्या संघाकडे जातो, आणि गेला की गेला. त्याला दहा वर्षे सांभाळणाऱ्या मंडळाला साधी पोचपावतीदेखील मिळत नाही. यात त्या मुलाचा दोष नाही. त्याने जावेच. परंतु ज्यांनी त्याला घडविले त्यांच्या हाती पुढचा मुलगा घडविण्यापुरते तरी काही पडावयास हवे की नाही?

फुटबॉलने या प्रश्नाला उत्तर दिले आहे आणि ते अनुकरणीय आहे. बॉसमनच्या निकालानंतर मोठ्या क्लबांचे फावले आणि लहान क्लब बुडतील अशी भीती निर्माण झाली. तेव्हा २००१ मध्ये जागतिक फुटबॉल महासंघाने नियम केला की, खेळाडूचे एका देशातून दुसऱ्या देशात पैसे मोजून स्थलांतर झाले तर त्या रकमेपैकी ५ टक्के रक्कम वेगळी काढावयाची आणि तो वयाच्या १२ व्या वर्षापासून २३ व्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांत वाढला, त्यांच्यात ती वर्षांच्या प्रमाणात वाटावयाची. पहिल्या चार वर्षांना या निधीचा प्रत्येकी विसावा हिस्सा, पुढील आठ वर्षांना प्रत्येकी दहावा. नेमार बार्सिलोनातून पॅरिसला गेला तेव्हा व्यवहार युरोपातल्या दोन धनाढ्य क्लबांमधला होता. पण त्यातला वाटा ब्राझीलमधल्या सांतोस क्लबला पोहोचला, कारण नेमार तेथे वाढला होता. या नियमात पळवाटा आहेत, थकबाक्या राहतात, वाद होतात. तरीही, घडविणाऱ्याचा हक्क घडविलेल्याच्या किमतीवर कायम राहतो, हे तत्त्व त्या बाजाराने मान्य केले आहे. फुटबॉलच्या बाजाराला आपण निष्ठुर म्हणतो. आपल्या बाजाराने एवढीही दया अजून दाखविलेली नाही.

कबड्डीतही हे करता येईल आणि ते अवघड नाही. बारा संघ, प्रत्येकाची खर्चमर्यादा ५ कोटी, म्हणजे एका हंगामात खेळाडूंवर फार तर ६० कोटी खर्च होतात. त्याचे ५ टक्के म्हणजे ३ कोटी. सेहरावतच्या एकट्याच्या बोलीवर हा वाटा १३ लाखांच्या घरात जातो. लीगच्या जाहिरातींच्या उलाढालीत ही रक्कम शोधूनही सापडणार नाही. पण ती मंडळांपर्यंत आणि शाळांपर्यंत गेली तर तालुक्याच्या ठिकाणी मॅट येईल, पावसाळ्यात छप्पर येईल, आणि टोळीबरोबर जाणाऱ्या मुलाला हंगामभर गावात ठेवून घेता येईल. ही रक्कम खेळाडूच्या मानधनातून कापू नये, संघमालकाने त्यावर वेगळी द्यावी, एवढी दक्षता मात्र घेतली पाहिजे. त्यासाठी प्रथम हवी ती नोंद. मुलगा बाराव्या वर्षी कोणत्या शाळेकडून खेळला, पंधराव्या वर्षी कोणत्या मंडळाकडून, हे जिल्हा संघटनेच्या दप्तरी लिहिले गेले पाहिजे. आज हे दप्तर नीट ठेवले तर दहा वर्षांनी हक्क सांगता येईल. हक्क सांगण्यासाठी आधी कागद लागतो, हे उचलीच्या वहीवरून आपण शिकलोच आहोत.

यावर दोन आक्षेप येतील. संघमालक म्हणतील की, आम्हीच अजून नफ्यात नाही, हा नवा भार कशाला? त्यांना एवढेच सांगावयाचे की, तयार खेळाडू ज्या शेतातून येतो त्या शेताचा खर्च आजवर त्यांनी कधी दिलेला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा पैसा संघटनांच्या हाती दिला तर तो मैदानापर्यंत पोहोचेल काय? राष्ट्रीय महासंघाची निवडणूक २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द ठरविली आणि त्याचा कारभार प्रशासकाकडे सोपविला, हे ज्यांच्या स्मरणात आहे त्यांच्या मनात ही शंका येणारच. म्हणूनच हा वाटा महासंघाच्या तिजोरीतून फिरवून आणू नये. ज्याच्या नावाची नोंद असेल त्या शाळेच्या किंवा मंडळाच्या खात्यावर तो थेट जमा व्हावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जावा. लहान रकमेचा चोख हिशेब मोठ्या घोषणेपेक्षा खेळाचे अधिक भले करतो.

हे स्वप्नरंजन आहे असे कोणास वाटत असेल तर त्याने आपल्याच जिल्ह्याच्या प्रश्नाकडे पाहावे. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ स्थापन झाले तेव्हा त्याला पैसा कोठून द्यावयाचा हा प्रश्न होताच. गाळलेल्या उसावर टनामागे १० रुपये कारखान्यांनी द्यावेत आणि तेवढीच भर शासनाने घालावी, असे सूत्र ठरले. त्याची अंमलबजावणी किती सफाईने होते हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण ज्याच्या घामावर साखर गोड होते त्याचा त्या साखरेवर हक्क आहे, हे तत्त्व शासनाने आणि कारखानदारांनी कागदावर मान्य केले. जे साखरेला लागू, ते कबड्डीला का लागू नसावे?

उचलीचा नियम आमच्या भागात सर्वांना पाठ आहे. घेतलेली उचल शेवटच्या रुपयापर्यंत फेडावी लागते. हंगाम संपला आणि रक्कम फिटली नाही तर ती पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते. मुकादम ती सोडत नाही आणि मजूरही ती नाकारत नाही. २०१४ पासून कबड्डीच्या लीगने महाराष्ट्राच्या, हरियाणाच्या आणि देशभरातल्या खेड्यांकडून फार मोठी उचल घेतली आहे. तयार झालेली शरीरे घेतली, शिकवून ठेवलेल्या पकडी घेतल्या, वर्गणीवर जपलेला एक खेळ जसाच्या तसा उचलून दिव्यांच्या झगमगाटात नेला. ती नेली याबद्दल तक्रार नाही. खेळाचे आणि खेळाडूंचे त्यात कल्याणच झाले. परंतु या उचलीची नोंद अजून कोणत्याही वहीत झालेली नाही. पुढच्या लिलावाच्या वेळी हातोडा पडण्यापूर्वी ती वही उघडली जावी. फेडीचा पहिला हप्ता फार मोठा नसला तरी चालेल. तो कोणाच्या नावे जमा करावयाचा, एवढे लिहिले गेले तरी मैदानावर चुन्याच्या रेषा आखणाऱ्या त्या शिक्षकाला आपण कोणासाठी राबलो याचे उत्तर मिळेल.